मेंदूचा कॅन्सर: बातमी मुंबईची, वाट आलापल्लीची

'द्राक्षातल्या औषधाने मेंदूचा कॅन्सर बरा होणार, टाटा हॉस्पिटलचा शोध' अशा अर्थाचे मेसेज आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर आले असतील. ज्यांच्या घरात असा रुग्ण नाही त्यांनी तो मेसेज पुढे पाठवला आणि विसरून गेले. ज्यांच्या घरात आहे त्यांना मात्र त्या रात्री झोप लागली नसेल. उद्या सकाळीच मुंबईची गाडी पकडावी का? चालू असलेला इलाज थांबवावा का? निदान बाजारातून द्राक्षे तरी आणावीत का?

या बातमीत खरे किती आणि वाढवून सांगितलेले किती, हे आज आम्ही पाहणार आहोत. पण ते मुंबईत बसून नाही, आलापल्लीच्या चौकात उभे राहून. कारण इलाज कुठे सापडला यापेक्षा तो आपल्या दारापर्यंत कसा पोहोचणार, हा सवाल आपल्या लोकांसाठी मोठा आहे.

हा मर्ज आहे तरी काय?

मेंदूत होणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, आणि कॅन्सरची प्रत्येक गाठ सारखी नसते. त्यातली सर्वांत आक्रमक गाठ म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तिला चौथी, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी आहे. अमेरिकेत वर्षाला एक लाख लोकांमागे साधारण तिघांना ती होते. म्हणजे आजार दुर्मीळ आहे. पण ज्या घरात येतो ते घर हादरवून टाकतो. अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅककेन यांना जुलै २०१७ मध्ये याचे निदान झाले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते गेले. पैसा, सत्ता, उत्तमातले उत्तम डॉक्टर सगळे हाताशी असताना तेरा महिने मिळाले. तेव्हा एखाद्या गरीब घरातला माणूस या आजाराने गेला, तर 'आपणच कमी पडलो' हा बोल घरच्यांनी स्वतःला लावून घेऊ नये.

ही गाठ इतकी हट्टी का, हे आलापल्लीच्या माणसाला समजावणे सोपे आहे. सागाचे झाड बुंध्यापासून तोडले तरी खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. ग्लायोब्लास्टोमाचे तसेच आहे. सर्जन दिसणारी गाठ काढतो, पण तिच्या पेशी आजूबाजूच्या चांगल्या मेंदूत पसरलेल्या असतात. पोटातल्या गाठीभोवतीचा भाग जसा सढळ हाताने कापता येतो, तसा मेंदू कापता येत नाही. तिथे बोलणे आहे, चालणे आहे, आठवण आहे. दुसरी अडचण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांची राखण. रक्तातले विष मेंदूत जाऊ नये म्हणून कुदरतीने तिथे कडक पहारा ठेवला आहे. तोच पहारा बहुतेक औषधांनाही अडवतो. तिसरे म्हणजे एकाच गाठीत पेशींच्या अनेक जाती असतात. एका औषधाने एक जात मेली तरी दुसरी वाढत राहते.

वीस वर्षांत काय मिळाले?

आज जगभर जो इलाज दिला जातो तो २००५ मध्ये ठरला. रॉजर स्टुप या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली युरोप आणि कॅनडातील ५७३ रुग्णांवर चाचणी झाली. ऑपरेशननंतर निम्म्यांना फक्त किरणोपचार, म्हणजे आपण 'शेक' म्हणतो ते, आणि निम्म्यांना शेकासोबत टेमोझोलोमाइड नावाच्या कॅप्सूल. फक्त शेक मिळालेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांच्या पुढे जगले. कॅप्सूलही मिळालेल्यांपैकी निम्मे १४.६ महिन्यांच्या पुढे. फरक अडीच महिन्यांचा. पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले, आणि पाच वर्षांनंतर १.९ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर. म्हणजे दहातला एक जण पाच वर्षे पाहतो. हा आकडा लहान आहे, पण शून्य नाही. तो एक आपला अब्बा असू शकतो, आपली बहीण असू शकते.

त्यानंतर काय काय झाले? गाठीचा रक्तपुरवठा तोडणारे बेव्हासिझुमॅब आले. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल लागले: नवीन रुग्णांत त्याने आयुष्य वाढले नाही. ज्या इम्युनोथेरपीने फुप्फुसाच्या आणि त्वचेच्या कॅन्सरमध्ये चमत्कार वाटावा असे काम केले, तिचे निवोलुमॅब हे औषध इथे अपयशी ठरले. डोक्यावर पट्ट्या चिकटवून विजेचे मंद क्षेत्र सोडणारे एक यंत्र आले. २०१७ मध्ये छापून आलेल्या निकालात त्याने १६ महिन्यांचे २०.९ महिने केले. पण अमेरिकेत त्याचा खर्च महिन्याला सुमारे २१ हजार डॉलर, म्हणजे पंधरा लाख रुपयांहून अधिक. आपल्यासाठी ते असून नसल्यासारखे.

मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून एक बातमी आली. रुग्णाच्याच रक्तातील लढाऊ पेशींना प्रयोगशाळेत नवीन शिकवण देऊन मेंदूतल्या द्रवात सोडले, आणि अवघ्या काही दिवसांत गाठ आक्रसली. सारे जग चकित झाले. रुग्ण होते तीन, आणि त्यातील दोघांची गाठ काही काळाने पुन्हा वाढली. याला कार-टी म्हणतात. भारतानेही यात मजल मारली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या इलाजाला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. पण तो रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, मेंदूच्या गाठीसाठी नाही. हा फरक मेसेज पाठवणाऱ्यांच्या ध्यानात नसतो.

आता ती द्राक्षांची बातमी

खारघरला टाटा मेमोरियलचे 'अ‍ॅक्ट्रेक' हे संशोधन केंद्र आहे. तिथले ज्येष्ठ संशोधक डॉ. इंद्रनील मित्रा गेली अनेक वर्षे एक वेगळा विचार मांडत आहेत. कॅन्सरच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातून जनुकांचे तुकडे बाहेर पडतात, आणि हे तुकडे शेजारच्या जिवंत पेशींना आणखी बिघडवतात, असे त्यांचे म्हणणे. हे तुकडे निकामी करण्यासाठी त्यांनी द्राक्षांच्या सालीत आणि इतर काही फळांत सापडणारे रेझव्हेराट्रॉल आणि तांबे यांची अतिशय सूक्ष्म मात्रेची गोळी वापरून पाहिली.

ग्लायोब्लास्टोमाचे ऑपरेशन होणार असलेल्या वीस रुग्णांवर हा अभ्यास झाला. दहा जणांना ऑपरेशनपूर्वी सुमारे बारा दिवस गोळ्या दिल्या, दहा जणांना दिल्या नाहीत. मग ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ तपासली. गोळ्या घेतलेल्यांच्या गाठीत वाढीच्या आणि आक्रमकतेच्या अनेक खुणा कमी आढळल्या. २०२५ मध्ये हे निष्कर्ष 'बीजेसी रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ही आनंदाची बाब आहे. स्वस्त, तोंडाने घ्यायची आणि आपल्याच महाराष्ट्रात पुढे आलेली गोष्ट आहे. पण नीट वाचा. रुग्ण वीस. औषध बारा दिवस. आणि तपासले काय, तर गाठीतल्या खुणा. रुग्ण जास्त जगला का, हे या अभ्यासाने दाखवलेले नाही. ते पाहण्यासाठी तो आखलेलाच नव्हता. त्यासाठी शेकडो रुग्णांवर मोठी चाचणी लागते आणि अनेक वर्षे लागतात. वर आपण पाहिलेच की सुरुवातीला चमकलेली किती औषधे मोठ्या चाचणीत गळाली. म्हणून द्राक्षे खा, फळ म्हणून खा. पण त्याने गाठ जाईल या आशेवर नाही. तांब्याच्या भांड्यातले पाणी हाही इलाज नाही. बाजारात 'रेझव्हेराट्रॉल' लिहिलेल्या महागड्या डब्या मिळतात, त्याही आपल्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

आलापल्लीहून पाहिले तर

आता समजा, आलापल्लीच्या एका घरातील पंचावन्न वर्षांच्या चाचांना एके दिवशी अचानक फिट आली. आयुष्यात कधी आली नव्हती. शेजारी जमतात. कोणी म्हणतो बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणतो अमुक बाबांना दाखवा. दुआ करावी, जरूर करावी. पण दवाखान्याची वाट धरूनच. गडचिरोली हा मलेरियाचा जिल्हा. तापासोबत फिट आली तर डॉक्टर आधी मेंदूचा मलेरिया तपासतात, आणि ते बरोबरच आहे. पण ताप नसताना मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली, सकाळी उठल्यावर डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, दिवसागणिक एका बाजूचा हात-पाय लुळा पडू लागला, बोलताना शब्द सापडेनात, किंवा शांत माणूस एकाएकी चिडखोर, बेभान झाला, तर डोक्याचा स्कॅन व्हायला हवा. स्कॅनमध्ये दरवेळी कॅन्सरच निघतो असे नाही. क्षयाची गाठ निघते, जंताची गाठ निघते, आणि त्या औषधाने बऱ्या होतात. स्कॅन टाळण्यात फायदा काहीच नाही.

चाचांचे निदान झाले. ऑपरेशन झाले. आता शेक. ठरलेला शेक सोमवार ते शुक्रवार असा सहा आठवडे, एकूण तीस वेळा. आलापल्लीहून चंद्रपूर शंभर किलोमीटरहून अधिक, नागपूर अडीचशेहून अधिक. त्यात सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची काय हालत केली ते या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. रोज ये-जा अशक्य. म्हणजे सहा आठवडे परक्या शहरात खोली, सोबत एक कमावता माणूस, त्याची बुडालेली रोजी, मुलांची शाळा. आता वरचा आकडा आठवा: १४.६ महिने. त्यातले दीड महिने, म्हणजे दहावा हिस्सा, फक्त शेकाच्या रांगेत जातो. मुंबईच्या माणसासाठी इलाज म्हणजे औषध. आलापल्लीच्या माणसासाठी इलाज म्हणजे औषध, खोली, भाडे आणि गेलेली मजुरी.

म्हणूनच आम्हाला वाटते की गेल्या दशकातील ज्या संशोधनाची बातमी कोणी फॉरवर्ड केली नाही, तेच आपल्या कामाचे जास्त आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने वृद्ध आणि अशक्त अशा ९८ रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला तीन आठवड्यांचा शेक, दुसऱ्याला फक्त एका आठवड्याचा, पाच वेळा. आयुष्याच्या लांबीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २०१७ मध्ये ६५ वर्षांवरील ५६२ रुग्णांच्या चाचणीत तीन आठवड्यांच्या शेकासोबत टेमोझोलोमाइड दिले, तेव्हा आयुष्य ७.६ महिन्यांवरून ९.३ महिन्यांवर गेले. याचा अर्थ असा नाही की प्रत्येकाने सहा आठवड्यांचा शेक एका आठवड्यात उरकावा. धडधाकट, कमी वयाच्या रुग्णासाठी सहा आठवडेच योग्य मानले जातात. पण घरातील आजोबा पंचाहत्तरीचे असतील, अंथरुणाला खिळलेले असतील, तर 'डॉक्टरसाहेब, यांना कमी दिवसांचा शेक चालेल का?' हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. अनेक घरे हा प्रश्न माहीत नसल्यामुळे इलाजच सोडून परत येतात.

घरच्यांनी ध्यानात ठेवायच्या गोष्टी

ऑपरेशन झाल्यावर गाठीचा पूर्ण रिपोर्ट मागा. त्यात आयडीएच आणि एमजीएमटी या दोन तपासण्यांचा निकाल आहे का ते पाहा. आयडीएचमध्ये बदल असेल तर ती गाठ ग्लायोब्लास्टोमा नसून तिच्या जातीची पण सावकाश वाढणारी असते, आणि तरुण रुग्ण तिच्यासोबत अनेक वर्षे काढू शकतो. अशाच कमी श्रेणीच्या गाठींसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत व्होरासिडेनिब या गोळीला मान्यता मिळाली. एमजीएमटीवरून टेमोझोलोमाइडचा फायदा कितपत होईल याचा अंदाज येतो.

चाकू लागला की कॅन्सर पसरतो, हा गैरसमज आहे. सुरक्षितपणे जितकी जास्त गाठ काढता येईल तितके चांगले. टाटा मेमोरियलमधील न्यूरोसर्जन डॉ. अलीअसगर मोयादी यांनी ऑपरेशन चालू असतानाच अल्ट्रासाऊंडने उरलेली गाठ शोधण्यावर बरेच काम केले आहे, ते याचसाठी.

सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या की दोन-चार दिवसांत रुग्ण उठून बसतो, गप्पा मारतो. घरच्यांना वाटते, अल्हम्दुलिल्लाह, बरे झाले, आता कशाला नागपूर? इथेच घात होतो. सूज उतरली आहे, गाठ तिथेच आहे. आणि या गोळ्या मनाने एकदम बंदही करू नयेत. शुगर असेल तर ती वाढते, म्हणून तपासत राहावे. रमजानमध्ये असा रुग्ण घरात असेल तर रोजाच्या हट्टापायी औषधाची वेळ चुकवू नये. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे.

पैशाचे बोलायचे तर टेमोझोलोमाइड आता भारतीय कंपन्याही बनवतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा आणि दाखल होण्याआधीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे. मुंबईला धाव घेण्याआधी 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या डॉक्टरांचे मत घेता येते. अनेकदा उत्तर हेच येते की तुमच्या जवळच्या केंद्रात चालू असलेला इलाज बरोबर आहे. जमीन विकून मुंबई गाठायची आणि तिथे तीच कॅप्सूल घ्यायची, यात कोणाचे भले?

जे बोलायचे ते वेळेत बोला

एक नाजूक गोष्ट. आपल्या घरांत रुग्णापासून आजार लपवण्याची रीत आहे. 'अब्बांना सांगू नका, खचून जातील.' भावना चांगली आहे. पण या आजारात गाठ हळूहळू बोलणे आणि समज हिरावून घेते. सहा महिन्यांनी सांगू म्हटले तर तेव्हा ऐकणारे अब्बा कदाचित तेच अब्बा नसतील. कोणाचे कर्ज द्यायचे आहे, कोणाची अमानत आहे, वसीयत काय, मुलीच्या निकाहाबद्दल मनात काय, कोणाशी रुसवा आहे आणि कोणाची माफी मागायची आहे, हे सारे माणूस शुद्धीत असताना, आपल्या तोंडाने बोलला तर मागे राहिलेल्यांत भांडणे होत नाहीत आणि त्याच्याही जिवाला करार मिळतो. किती सांगावे, कसे सांगावे हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा. पण त्याची जिंदगी आहे. तिचा हिशोब त्याच्यापासून लपवू नका.

आणि इलाज थकला म्हणजे डॉक्टरचे काम संपले, असेही नाही. दुखणे, फिट, उलट्या, अंथरुणातल्या जखमा यांवर शेवटपर्यंत उपचार असतो. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तो मागून घ्यावा.

मागायचे काय?

चंद्रपूरला टाटा ट्रस्ट, राज्य शासन आणि जिल्हा खनिज निधीच्या सहभागातून कर्करोग रुग्णालय उभे राहिले आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, मेडिकल, एम्स आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. म्हणजे विदर्भ रिकाम्या हाताचा नाही. मग मागणी अशी हवी की मेंदूच्या रुग्णाचा शेक चंद्रपुरातच पूर्ण व्हावा, सोबत्यासह राहण्याची जागा मिळावी, गाठीच्या जनुकीय तपासण्या योजनेत बसाव्यात, आणि नवीन औषधांच्या चाचण्यांत मुंबईसोबत विदर्भातील केंद्रेही असावीत. खाणीच्या पैशातून जे जिल्हे देशाला लोखंड आणि कोळसा देतात, त्यांनी आपल्या माणसासाठी सहा आठवड्यांची एक खोली मागणे म्हणजे काही फार मागणे नाही.

आणि शासनाची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. आपल्या जमातीत जकात आणि सदक्याचा पैसा दरवर्षी निघतो. हकदार रुग्णाला एकरकमी चार हजार देऊन मोकळे होण्यापेक्षा आलापल्ली, अहेरी, सिरोंचा इथल्या लोकांनी मिळून नागपूर किंवा चंद्रपुरात रुग्णालयाजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तर वर्षभरात किती घरांचा इलाज अर्धवट राहणार नाही, याचा विचार करा. त्या खोल्यांचे दार कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही पाड्यावरच्या रुग्णाला उघडे असावे.

नवीन इलाज येईल, इन्शाअल्लाह. खारघरमधून येईल, बोस्टनमधून येईल. तोवर जो इलाज आज आहे, तो आपल्या चाचांना पूर्ण मिळावा, एवढी तजवीज तरी आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी तसा मेसेज आला तर तो पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा: आपल्या मोहल्ल्यात कोणाचा शेक चालू आहे, आणि त्याच्यासोबत उद्या कोण जाणार आहे?